प्राथमिक शिक्षणाची सार्वजनिक व्यवस्था : एकोणिसाव्या शतकातील यूरोप व मुंबई इलाखा

शासनाच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या खर्चाने, तिच्या देखरेखीखाली व सर्व थरांतील मुलांसाठी चालविली जाणारी प्राथमिक शाळांची व्यवस्था. अशी व्यवस्था आज स्वाभाविक वाटत असली, तरी ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आकारास आली. तत्पूर्वी शिक्षण ही धर्मसंस्थेची, जातीची, व्यवसायाची किंवा कुटुंबाची बाब मानली जाई. गावोगावी शाळा असावी, हे तत्त्व मान्य होताच तीन प्रश्न उद्‌भवतात : शाळा काढण्याची जबाबदारी कोणाची, खर्चाचा भार कोणी उचलावयाचा आणि मुलाला शाळेत पाठविणे पालकावर बंधनकारक असावे किंवा नाही. यूरोपीय देशांनी या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या क्रमाने व वेगवेगळ्या कारणांनी दिली. मुंबई इलाख्यातही याच काळात सरकारी शिक्षणव्यवस्था उभी राहिली आणि तिच्यासाठी यूरोपीय, विशेषतः इंग्लिश, नमुने वापरण्यात आले. तथापि या नमुन्यांतील काही अंगे उचलली गेली व काही वगळली गेली. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील राजुरीसारख्या गावच्या शेतकऱ्याला शाळेसाठी कर भरावा लागे. परंतु त्याच्या मुलाला शाळा मिळालीच पाहिजे, असे बंधन मात्र कोणावरही नव्हते. या विसंगतीचे मूळ वरील तीन प्रश्नांच्या उत्तरांत सापडते.

पूर्वपीठिका : यूरोपात धर्मसुधारणेच्या चळवळीनंतर प्रॉटेस्टंट देशांत बायबल वाचता यावे, या हेतूने गावपातळीवर शाळा निघू लागल्या. स्कॉटलंडमध्ये १६९६ च्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात शाळा व शिक्षक ठेवणे तेथील जमीनमालकांवर बंधनकारक करण्यात आले. प्रशियात १७१७ च्या राजाज्ञेने, जेथे शाळा असेल तेथे मुलांना पाठवावे, असा दंडक घातला गेला आणि १७६३ मध्ये दुसऱ्या फ्रीड्रिखने ग्रामीण शाळांसाठी सर्वसाधारण नियमावली काढून पाच ते तेरा-चौदा वर्षे वयाच्या मुलांवर शाळेची सक्ती केली. ऑस्ट्रियात मारिया टेरेसाच्या कारकीर्दीत १७७४ मध्ये अशीच नियमावली प्रसृत झाली. या आज्ञा बऱ्याच अंशी कागदावरच राहिल्या. मात्र मुलाच्या शिक्षणात राज्याचा अधिकार चालतो, ही कल्पना त्यांतून रुजली.

महाराष्ट्रात पेशवाईच्या अखेरीस पंतोजींच्या शाळा प्रचलित होत्या. देवळाच्या ओवरीत, चावडीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत त्या भरत. मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. मोडी वाचन-लेखन, पाढे, पावकी, निमकी, अडीचकी, तोंडी हिशेब व परवचा हा अभ्यासक्रम असे. पंतोजीला पालकांकडून थोडी रोकड, धान्य अथवा शिधा मिळे. सरकारचा या शाळांशी संबंध नसे. मुंबई इलाख्यात १८२४–२९ दरम्यान झालेल्या पाहणीत १,७०५ शाळा व ३५,१४३ विद्यार्थी यांची नोंद झाली. सु. ४७ लाख लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण अल्प असले, तरी लोकांनी आपल्या गरजेपुरती उभारलेली ती व्यवस्था होती. तिचा लाभ मुख्यत्वे ब्राह्मण, प्रभू, वाणी आदी लेखन-व्यवहाराशी संबंध असलेल्या जातींच्या मुलग्यांना होई. मुली व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले तिच्या कक्षेबाहेर होती आणि कुणब्यांची मुले क्वचितच आढळत.

शिक्षणपद्धतींची देवाणघेवाण या काळात एकाच दिशेने झाली असे नाही. मद्रास येथील लष्करी अनाथालयाचा अधीक्षक अँड्रू बेल (१७५३–१८३२) याने तेथील देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे गिरविताना पाहिली. थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे, अशी पद्धत त्याने आपल्या शाळेत बसविली आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जोसेफ लँकेस्टर (१७७८–१८३८) यानेही जवळजवळ याच सुमारास स्वतंत्रपणे तशी पद्धत सुरू केली. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले शिकविता येत असल्याने इंग्लंडमध्ये ही पद्धत झपाट्याने पसरली आणि पुढे मुंबईतील शाळांसाठीही ती शिफारसपात्र ठरली.

प्रशिया : १८०६ मध्ये नेपोलियनकडून झालेल्या दारुण पराभवानंतर प्रशियात राज्याच्या पुनर्रचनेचा विचार सुरू झाला आणि शिक्षण हे तिचे एक साधन मानले गेले. व्हिल्हेल्म फोन हुंबोल्ट (१७६७–१८३५) याने १८०९–१० या अल्प काळात शिक्षणखात्याची सूत्रे हाती घेऊन प्राथमिक शाळा, गिम्नॅझियम व विद्यापीठ अशी सलग रचना कल्पिली. १७९४ च्या विधिसंहितेने शाळा या राज्याच्या संस्था असल्याचे आधीच घोषित केले होते. प्रशियाचे खरे सामर्थ्य शिक्षक-प्रशिक्षणात होते. पेस्टालॉत्सीच्या विचारांनी प्रभावित झालेली अध्यापक विद्यालये प्रांतोप्रांती निघाली आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिक्षकाचीच नेमणूक व्हावी, असा नियम रूढ झाला. शाळेचा खर्च मुख्यतः स्थानिक समाजावर होता व त्यासाठी कुटुंबप्रमुखांवर पट्टी बसे. सक्तीही प्रत्यक्षात उतरू लागली. शालेय वयाच्या मुलांपैकी १८१६ मध्ये शेकडा ६० च्या आसपास मुले शाळेत होती. १८४६ मध्ये हे प्रमाण शेकडा ८० च्या पुढे गेले.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही लक्षणीय आहे. सामान्यांची प्राथमिक शाळा व वरिष्ठ वर्गाचे गिम्नॅझियम हे दोन प्रवाह एकमेकांपासून अलग राहिले. १८४८ च्या क्रांतीनंतर शिक्षकवर्गावर बंडखोरीचा संशय घेण्यात आला आणि १८५४ च्या नियमांनी प्राथमिक अभ्यासक्रम धर्मशिक्षण, वाचन, लेखन, अंकगणित व गायन एवढ्यापुरता आकुंचित केला. १८७२ मध्ये शाळांची तपासणी धर्मसंस्थेकडून काढून राज्याकडे देण्यात आली. पोलिश भाषक प्रदेशात जर्मन माध्यमाची सक्ती वाढत गेली. प्राथमिक शाळांतील शुल्क १८८८ मध्ये रद्द झाले. म्हणजे सक्ती प्रथम व मोफत शिक्षण शेवटी, असा प्रशियाचा क्रम होता.

फ्रान्स : फ्रेंच राज्यक्रांतीने सर्वांना समान व मोफत शिक्षणाचे आश्वासन दिले, परंतु अस्थिरतेमुळे ते फलद्रूप झाले नाही. नेपोलियनने माध्यमिक व उच्च शिक्षणाचे केंद्रीकरण केले. प्राथमिक शिक्षण मात्र बहुतांशी धर्मसंघांकडे राहिले. तत्त्वज्ञ व्हीक्तॉर कूझँ (१७९२–१८६७) याने १८३१ मध्ये प्रशियातील शाळांची पाहणी करून सादर केलेल्या अहवालाचा फ्रान्सवर मोठा प्रभाव पडला. शिक्षणमंत्री फ्रांस्वा गीझो (१७८७–१८७४) याच्या २८ जून १८३३ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामसमाजाने, एकट्याने किंवा शेजारच्या गावांबरोबर, मुलग्यांची प्राथमिक शाळा चालविली पाहिजे व प्रत्येक जिल्ह्याने अध्यापक विद्यालय ठेवले पाहिजे, असे ठरविले. शिक्षकाला राहण्यास जागा व वर्षाला किमान २०० फ्रँक वेतन देण्याचे बंधन घालण्यात आले. गरिबांच्या मुलांना शुल्क माफ झाले. पालकांवर सक्ती करण्यास मात्र गीझोचा विरोध होता आणि मुलींच्या शाळांचा या कायद्यात समावेश नव्हता.

१८५० च्या फालू कायद्याने धर्मसंघांना शिक्षणात पुन्हा मोठा वाव दिला. मोठ्या ग्रामसमाजांनी मुलींसाठीही शाळा काढावी, अशी तरतूद त्यात होती. १८६७ च्या कायद्याने तिची व्याप्ती वाढविली. १८७०–७१ च्या युद्धात प्रशियाकडून पराभव झाल्यावर विजयाचे श्रेय प्रशियाच्या शाळामास्तराला देणारी विचारसरणी फ्रान्समध्ये बळावली. झ्यूल फेरी (१८३२–९३) याच्या पुढाकाराने १६ जून १८८१ च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि २८ मार्च १८८२ च्या कायद्याने ते सहा ते तेरा वर्षे वयाच्या मुलामुलींना सक्तीचे व धर्मनिरपेक्ष करण्यात आले. तत्पूर्वी १८७९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात शिक्षिकांसाठी अध्यापक विद्यालय काढणे बंधनकारक झाले होते. फ्रान्सने प्रथम शाळा व शिक्षक यांची तरतूद केली, मग शुल्क काढून टाकले आणि त्यानंतर सक्ती केली. ब्रेटन, ऑक्सितान यांसारख्या प्रादेशिक भाषांची मात्र या शाळांतून गळचेपी झाली.

इंग्लंड : औद्योगिक दृष्ट्या सर्वांत पुढारलेला हा देश सार्वजनिक शिक्षणात दीर्घकाळ मागे होता. शिक्षण ही राज्याची बाब नव्हे, हा विचार तेथे प्रबळ होता आणि शाळा कोणत्या पंथाच्या असाव्यात, याबद्दल चर्च ऑफ इंग्लंड व इतर प्रॉटेस्टंट पंथ यांत तीव्र मतभेद होते. बेल व लँकेस्टर यांच्या अनुयायांच्या दोन संस्था धर्मादाय शाळा चालवीत. या शाळांच्या इमारतींसाठी पार्लमेंटने १८३३ मध्ये प्रथमच २०,००० पौंडांचे अनुदान दिले. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील बालकामगारांना रोज दोन तास शाळेची सक्ती केली. १८३९ मध्ये शिक्षणविषयक समिती नेमली गेली व तिचा सचिव जेम्स के-शटलवर्थ (१८०४–७७) याने अनुदानाला तपासणीची जोड दिली. १८६२ मध्ये रॉबर्ट लो (१८११–९२) याच्या सुधारित नियमावलीने अनुदान मुलांची उपस्थिती आणि वाचन, लेखन व अंकगणित यांतील परीक्षेचा निकाल यांवर अवलंबून ठेवले. निकालानुसार अनुदान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीमुळे खर्च आटोक्यात आला. परंतु अध्यापन घोकंपट्टीपुरते उरले. कवी व शाळा-तपासनीस मॅथ्यू आर्नल्ड याने तिच्यावर कठोर टीका केली.

विल्यम फॉर्स्टर (१८१८–८६) याच्या १८७० च्या कायद्याने ज्या भागात पुरेशा शाळा नसतील, तेथे निवडून आलेली शाळामंडळे स्थापून त्यांना स्थानिक कर बसविण्याचा व उपस्थिती सक्तीची करण्याचा अधिकार दिला. या मंडळांच्या निवडणुकीत स्त्रियांनाही मतदान करता येई व उमेदवार म्हणून उभे राहता येई. १८७६ च्या कायद्याने मुलाला शिक्षण देणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. १८८० मध्ये पाच ते दहा वर्षे वयासाठी सक्ती सर्वत्र लागू झाली व १८९१ च्या कायद्याने बहुतेक शाळांतील शुल्क नाहीसे झाले. आधी अनुदान, मग तपासणी व परीक्षा, नंतर कर व लोकनियुक्त मंडळे, पुढे सक्ती आणि शेवटी मोफत शिक्षण, असा हा क्रम होता.

इतर देश : डेन्मार्कने १८१४ मध्ये व स्वीडनने १८४२ मध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था कायद्याने केली. नेदर्लंड्समध्ये १८०६ च्या कायद्याने राज्याची कार्यक्षम तपासणी यंत्रणा उभी राहिली. परंतु सक्तीचा कायदा १९०० मध्ये झाला. स्वित्झर्लंडच्या १८७४ च्या संविधानाने प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. इटलीत १८५९ चा कासाती कायदा आणि १८७७ चा कोप्पीनो कायदा यांनी शिक्षणाची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. गरीब दक्षिण भागातील नगरपालिकांना ती पेलता आली नाही. १८६१ मध्ये तेथील सु. तीन-चतुर्थांश लोक निरक्षर होते. स्पेनच्या १८५७ च्या कायद्याचीही अशीच गत झाली. रशियात भूदासांच्या मुक्तीनंतर १८६४ मध्ये स्थापन झालेल्या झेम्स्त्व्हो या स्थानिक संस्थांनी खेड्यांत शाळा काढल्या. तरीही १८९७ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण शेकडा २१ एवढेच होते. कायद्यात सक्तीचा उल्लेख असणे पुरेसे नसते. तिच्यामागे पैसा, प्रशिक्षित शिक्षक व ती अंमलात आणणारी यंत्रणा हवी, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

मुंबई इलाखा : इलाख्याचा गव्हर्नर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९) याने डिसेंबर १८२३ च्या आपल्या टिपणात देशी शाळांची सुधारणा व वाढ, देशी भाषांतील पाठ्यपुस्तके आणि गरीब वर्गातील शिक्षणास उत्तेजन यांचा पुरस्कार केला. १८२२ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेला सरकारी मदत मिळू लागली. तिचे चिटणीस जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मराठीतून गणिताची व इतर पुस्तके तयार झाली आणि शिक्षकांना तयार करून जिल्ह्यांच्या ठिकाणी पाठविण्यात आले. १८४० मध्ये या संस्थेची जागा शिक्षण मंडळाने घेतली. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजी शिक्षणाचे पक्षपाती होते. तर जगन्नाथ शंकरशेट (१८०३–६५) व जर्व्हिस यांनी जनसामान्यांचे शिक्षण मातृभाषेतूनच होऊ शकेल, अशी भूमिका घेतली. प्राथमिक शाळांचे माध्यम पुढे मराठी, गुजराती व कन्नड हेच राहिले. भाषेच्या बाबतीत मुंबई इलाखा त्या काळच्या फ्रान्स किंवा पोलिश प्रदेशातील प्रशियापेक्षा उदार ठरतो. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांच्याकडे १८४५ मध्ये शिक्षकांच्या अध्यापन वर्गाचे काम सोपविण्यात आले होते.

१९ जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्याने स्वतंत्र शिक्षणखाते, तपासणी, अनुदान व अध्यापक विद्यालये यांची योजना मांडली आणि जनसामान्यांच्या शिक्षणाकडे आजवर दुर्लक्ष झाल्याचे मान्य केले. अनुदानाची कल्पना इंग्लंडमधील प्रघातावर आधारलेली होती. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते सुरू झाले. संचालक, इन्स्पेक्टर व डेप्युटी इन्स्पेक्टर अशी उतरंड तयार झाली; पुण्यास ट्रेनिंग कॉलेज निघाले आणि १८७० मध्ये तेथेच शिक्षिकांसाठी स्वतंत्र संस्था सुरू झाली. खाजगी शाळांना निकालानुसार अनुदान देण्याची इंग्लंडमधील पद्धत येथेही काही वर्षांतच आली. मात्र या इलाख्याने बंगालप्रमाणे देशी शाळांवर विसंबून न राहता मुख्यतः खात्याच्या स्वतःच्या शाळा काढल्या. त्यामुळे शाळांचा दर्जा तुलनेने बरा राहिला. परंतु त्यांची संख्या मर्यादित राहिली आणि पंतोजींच्या शाळांना मिळणारा लोकाश्रय हळूहळू आटत गेला.

लोकल फंड : खेड्यांतील शाळांसाठी १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा याप्रमाणे स्थानिक पट्टी घेण्यास सुरुवात झाली व १८६९ च्या कायद्याने तिला वैधानिक रूप मिळाले. तिच्यापैकी एक-तृतीयांश रक्कम शिक्षणासाठी व उरलेली रस्ते आदी कामांसाठी असे. कल्याण–अहमदनगर रस्त्यावरील राजुरी, आळे, बेल्हे हा जुन्नर तालुक्याचा पूर्व भाग त्या काळी प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा होता. अशा गावी ज्या खातेदाराचा सारा १६ रुपये असे, त्याला लोकल फंडासाठी १ रुपया द्यावा लागे व त्यातील ५ आणे ४ पै शिक्षणाच्या खात्यात जमा होत. गावात शाळा असो वा नसो, आपले मूल शाळेत जावो वा न जावो, पट्टी चुकत नसे. इंग्लंडमध्ये ज्या भागात कर बसे, त्याच भागात शाळा काढण्याचे बंधन शाळामंडळावर होते व करदात्याला मंडळाचे सभासद निवडता येत. लोकल फंडाच्या समित्या मात्र कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली चालत व त्यांचे बहुतेक सभासद सरकारनियुक्त असत. शहरांतील लोक ही पट्टी देत नसत. तरीही तिच्यातील काही भाग शहरांतील शाळांवर खर्च होई.

गावात शाळा असली, तरी शेतकऱ्याच्या मुलाला ती सहज साध्य नव्हती. गुरे राखणे, पेरणी व सुगीच्या दिवसांत हाताखाली काम करणे, लहान भावंडे सांभाळणे ही त्याची नित्याची कामे होत. प्रशिया व फ्रान्सच्या खेड्यांतही नेमकी हीच अडचण होती आणि सक्तीविरुद्ध तेथेही हाच आक्षेप घेतला जाई. येथे जातीचा अडसर आणखी होता. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. या प्रकरणाच्या निमित्ताने सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व कंपनीच्या संचालकांनी १८५८ मध्ये जाहीर केले. परंतु गावोगावच्या व्यवहारात ते उतरण्यास अनेक दशके लागली.

हंटर आयोग व जोतीराव फुले : १८८२ मध्ये नेमलेल्या भारतीय शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन सादर केले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढून व पुढे अस्पृश्यांसाठी आणि शेतकरी-कामकऱ्यांसाठी शाळा चालवून त्यांनी या प्रश्नाचा प्रत्यक्ष अनुभव घेतला होता. सावित्रीबाई फुले (१८३१–९७) या त्यांच्या कार्यात शिक्षिका म्हणून सहभागी होत्या. जुन्नर तालुक्यात, विशेषतः ओतूर परिसरात, सत्यशोधक समाजाचे अनुयायी असल्याने तेथील शेतकऱ्यांच्या स्थितीशी फुले यांचा परिचय होता.

सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या श्रमातून येतो; तो उच्च शिक्षणावर खर्च होतो व रयत अज्ञानात राहते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. शिक्षणासाठी पट्टी वसूल होत असूनही इलाख्यातील जवळजवळ नऊ-दशांश खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची सोय नाही, असे त्यांनी निदर्शनास आणले. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. लोकल फंडाचा निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणास द्यावा. नगरपालिकांवर आपल्या हद्दीतील शाळांचा भार कायद्याने टाकावा. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत व त्यांना किमान १२ रुपये वेतन मिळावे. अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध व हिशेब यांबरोबर शेती व आरोग्य यांचे मूलभूत ज्ञान असावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. गीझोच्या कायद्यातील शिक्षकाचे किमान वेतन, प्रशियातील प्रशिक्षणाचा आग्रह, इंग्लंडमधील स्थानिक कराची हमी व फेरीच्या कायद्यातील सक्ती ही सर्व अंगे या निवेदनात एकत्र आलेली दिसतात. तथापि त्यांचा उगम कोणत्याही परदेशी अहवालात नसून इलाख्यातील शेतकऱ्याच्या अनुभवात होता. शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथातही त्यांनी लोकल फंडाचा प्रश्न मांडला.

आयोगाने प्राथमिक शिक्षणाला शासकीय प्रयत्नांत अग्रक्रम द्यावा, ग्रामीण व नागरी निधी वेगळे ठेवावेत आणि प्राथमिक शाळा स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवाव्यात, अशा शिफारसी केल्या. या शिफारसींची धाटणी १८७० व १८७६ च्या इंग्लिश कायद्यांवरून घेतलेली होती. त्या कायद्यांचा आत्मा असलेले सक्तीचे तत्त्व मात्र त्यांत नव्हते. १८८४ च्या कायद्याने इलाख्यात जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली आणि शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. परंतु त्यांचे उत्पन्न तोकडे होते व खरी सत्ता शिक्षणखात्याकडेच राहिली.

तुलना : यूरोपीय देशांत व्यवस्थेचा क्रम भिन्न असला, तरी शतकाच्या अखेरीस बहुतेक प्रगत देशांत शाळा काढण्याचे शासनावरील किंवा स्थानिक संस्थेवरील बंधन, निधीची हमी व पालकावरील बंधन ही तिन्ही अंगे एकत्र आलेली होती. मुंबई इलाख्यात तपासणी, परीक्षा, अनुदान, प्रशिक्षण व स्थानिक कर ही यंत्रणा यूरोपातील काही देशांच्याही आधी उभी राहिली. तिला पूर्णत्व देणारे परस्पर बंधन मात्र आले नाही. बंधन होते ते कर भरणाऱ्यावर. सक्तीला सरकारने घेतलेले आक्षेप, म्हणजे पैशाचा अभाव, लोकांची अनिच्छा व शेतीला मुलांच्या श्रमांची गरज, हे यूरोपातही घेतले गेले होते. तेथे ते मागे पडले, याचे एक प्रमुख कारण राजकीय होते. पराभवाने हादरलेले प्रशिया व फ्रान्स यांना शिक्षित नागरिक हवे होते आणि इंग्लंडमध्ये १८६७ च्या सुधारणेने शहरी कामगारांना मताधिकार मिळाल्यानंतर तीन वर्षांतच फॉर्स्टरचा कायदा झाला. राजुरीच्या शेतकऱ्याला मत नव्हते आणि त्याच्या निरक्षरतेने राज्यकर्त्यांचे काही अडत नव्हते. १९०१ च्या जनगणनेत भारतातील पुरुषांत साक्षरतेचे प्रमाण शेकडा १० च्या आत, तर स्त्रियांत शेकडा १ पेक्षाही कमी होते.

परिणती : सक्तीचे तत्त्व प्रथम अंमलात आणण्याचा मान संस्थानांकडे जातो. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी १९१० मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात ठराव व १९११ मध्ये विधेयक मांडले. त्यांच्या भाषणात यूरोपीय देशांशी केलेली तुलना हाच प्रमुख आधार होता. लोकसंख्येपैकी प्राथमिक शाळेत असणाऱ्यांचे प्रमाण फ्रान्समध्ये शेकडा १४ हून थोडे अधिक व रशियात ४ ते ५ असताना ब्रिटिश हिंदुस्थानात ते केवळ १.९ असल्याचे त्यांनी दाखविले. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलग्यांपुरती व स्थानिक संस्थांच्या इच्छेवर सोडलेली सक्तीही सरकारला मान्य झाली नाही; मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. विठ्ठलभाई पटेल (१८७३–१९३३) यांच्या प्रयत्नाने झालेला मुंबई इलाख्याचा १९१८ चा कायदा नगरपालिकांपुरता होता; ग्रामीण भागाला सक्तीच्या कक्षेत आणण्याची तरतूद १९२३ च्या कायद्याने झाली व तीही स्थानिक मंडळांच्या इच्छेवर व आर्थिक कुवतीवर अवलंबून राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षे वयापर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे उद्दिष्ट दहा वर्षांत गाठण्याचा संकल्प केला. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क ठरले आणि त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला. या कायद्याने शाळा उपलब्ध करून देण्याचे बंधन शासनावर व स्थानिक संस्थांवर घातले आहे. लोकल फंडाची पट्टी सुरू झाल्यापासून १४७ वर्षांनी, करामागोमाग यावयाचे हे बंधन राजुरीसारख्या गावापर्यंत कायद्याने पोहोचले.